आडाळ्यावर उलटी बसलेली बाई

मी घर सोडलं त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात सरंगा कापला जात होता आणि कापणारीवर ओरडा चालला होता.

मुंबईची एसटी मालवणहून संध्याकाळी सुटायची. माझी बॅग ओटीवर सकाळपासून तयार होती, आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता तीत काहीतरी कोंबून जात होता. आईचं म्हणणं, मुलगी नोकरीला चालली आहे, ती मासे न खाता गेली तर मुंबईवाले काय म्हणतील? मुंबईवाल्यांना हे कळणार कसं, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही. मासा कापायला बसली होती वहिनी. दादाचं लग्न होऊन चारेक महिने झाले होते. वहिनी वयाने माझ्याएवढीच, तरी ती मला नावाने हाक मारण्याऐवजी सगळ्यांसारखं 'बाय' म्हणायची आणि मी तिला वहिनी म्हणताना हसायची.

आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. लाकडी फळी, तिच्यावर उभं पातं, एक पाय फळीवर दाबून बसायचं. उजवा पाय. वहिनी डावखुरी. ती बसली होती डावा पाय फळीवर टाकून, सरंगा डाव्या हातात धरून, आणि काय सुरेख कापत होती! तेवढ्यात आई आत आली.

"सरळ बस गो! उलटी काय बसलंस ती? कोणी पाव्हणे बघतीत तर काय म्हणतीत?"

घरात पाहुणा म्हणून मांजरसुद्धा नव्हतं. पण वहिनीने पाय बदलला, हात बदलला आणि पुढच्याच तुकड्याला अंगठा कापून घेतला. मी हळद आणली. ती हसत म्हणाली, "काय नाय गो, सवय होयत."

स्टँडवर आई पदर दातात धरून उभी होती. गाडी हलताना ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "तुझी खोली कोणाक देवचंय नाय." तिच्या मागून चिंधी बांधलेला अंगठा हलवत वहिनी ओरडली, "तू जा गो बाय! हयसर मी आसंय!"

बॅगेत कोंबलेला कुळथाच्या पिठाचा डबा वर्षभरात संपला. 'खोली कोणाला देणार नाही' आणि 'इथे मी आहे' ही दोन वाक्यं मी तीस-बत्तीस वर्षं पुरवली.

माझी खोली म्हणजे काही राजवाडा नव्हता. खाडीच्या बाजूची एक अरुंद खोली, तिला एक खिडकी, खिडकीतून खाडी आणि एकमेकांच्या अंगावर कललेले दोन माड. लग्नानंतर मी ठाण्यात वन आरके, मग वन बीएचके, मग कर्ज काढून टू बीएचके अशी चढत गेले. विमा कंपनीत क्लार्कची ऑफिसर झाले, चष्म्याचा नंबर आणि वजन दोन्ही वाढवलं. पण कोणी विचारलं, "तुमचं घर कुठे?" तर तोंडातून मालवणच यायचं. लंच टाइममध्ये मी त्या घराच्या गोष्टी सांगायची. खिडकीच्या, खाडीच्या, आईच्या कोयतीच्या. माझे यजमान कऱ्हाडकडचे. ते म्हणायचे, "तुझं ते घर ऐकून ऐकून मला आता तिथले ढेकूण पण ओळखीचे झालेत." आमच्या नात्यात मी 'गजाली सांगणारी' म्हणून प्रसिद्ध. माझ्या गोष्टींत ते घर दरवर्षी थोडं मोठं व्हायचं, अंगण लांबायचं, खाडी जवळ यायची.

आई जाऊन चार-पाच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी गणपतीला गेले. मग एकदा मुलीची, मुग्धाची, परीक्षा आली आणि एकदा माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. पण दर रविवारी फोन होता. वहिनी सगळं सांगायची. बांगडा कसा मिळाला, कोणाची सून माहेरी गेली, हापूसला मोहोर किती, कोणाच्या कोंबड्या कोणाच्या परसात. मला वाटायचं, मी ठाण्यात असले तरी आमच्या अंगणात पडणारं पान मला कळतं.

आणि मग ती मालिका आली.

नाव सांगत नाही, ज्यांनी बघितली त्यांना कळेलच. चार मैत्रिणी. एक वकील, एक सर्जन, एक कंपनीची मालकीण, एक वाहिनीची संपादक. चौघी यशस्वी, चौघींची घरं आपोआप आवरली जातात, आणि चौघींना कॉफी प्यायला रोज वेळ मिळतो. आमच्या ऑफिसात आम्हीही चौघीच. दुसऱ्या भागापासून आम्ही वाटण्या करून घेतल्या, मी वकील झाले. डबा खाताना आम्ही त्यांच्या नवऱ्यांना नावं ठेवायचो. स्वतःच्या नवऱ्यांना ठेवून झाली होती.

मालिकेचं फेसबुकवर एक पान होतं, प्रेक्षक तिथे लिहायचे. कोणी रडायचं, कोणी साड्या कुठे मिळतील विचारायचं. मी लिहू लागले. सर्जनबाई ऑपरेशन थिएटरमध्ये झुमके घालून कशा जातात, असे माझे प्रश्न असायचे. लोकांना ते आवडायला लागले. लोक आवडीने वाचत आहेत म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी भाग बघायचे कमी, कमेंट सुचते का तेच बघायचे जास्त.

एका आठवड्यात त्या चौघी शहराला कंटाळून कोकणात आल्या. मी कंबर कसून बसले. कोकण म्हणजे माझा प्रांत! चौघी एका घरात उतरल्या, घर कसलं, चकचकीत लाद्या, पांढऱ्या भिंती, सरकती काच. वकीलबाई त्या काचेशी बसल्या, हातात लांब दांड्याचा ग्लास, आणि यश किती एकाकी असतं यावर बोलून रडल्या. मग क्षणभर मागचं दार दिसलं. तिथे एक बाई पाठमोरी बसून मासे कापत होती. डावा पाय फळीवर.

मी फोन उचलला आणि लिहिलं. अजून शब्द न् शब्द पाठ आहे. "कोकण कधी पाहिलंय का हो तुम्ही? हा सेट आहे सेट! आणि त्या मासे कापणाऱ्या बाईला कुठून धरून आणलंय? कोकणातली बाई आडाळ्यावर अशी उलटी बसत नाही. तिला कोणीतरी सांगा, सरळ बस गो!"

त्या रात्रीत मी प्रसिद्ध झाले. हसण्याची चिन्हं, बदाम, 'खरी कोकणकन्या', 'ताई, तुम्ही लेखिका का होत नाही?' दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डब्याला आणलेली भाजीसुद्धा लोकांनी कौतुकाने खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मुग्धाचा बंगळूरहून फोन. ती तिथे नोकरीला असते.

"आई, तू मामीला असं का बोललीस?"

"कुठल्या मामीला?"

"आई. ती मामी आहे. मासे कापणारी."

मी हसले. तिला म्हटलं, तुला ठाण्यात वाढून काय कळणार, तुझी मामी उजव्या पायाने बसते, तुझ्या आजीने मुद्दाम शिकवलंय तिला. मुग्धा म्हणाली, "आजी गेल्यापासून मामी डावीकडूनच बसते. मी डिसेंबरमध्ये मैत्रिणींना घेऊन राहिले होते ना तिथे."

"तिथे म्हणजे कुठे?"

"होमस्टेवर. आपल्या घरी. दोन वर्षं झाली सुरू होऊन." आणि मग, फार हळू, "मामाने सांगितलं होतं, आईला बोलू नको."

मी तो भाग पुन्हा लावला. थांबवून थांबवून पाहिला. लाद्या नव्या, भिंती नव्या, काच नवी. पण वकीलबाईंच्या खांद्यामागे दोन माड एकमेकांवर कलले होते. आणि मागच्या दारात, त्या पाठमोऱ्या बाईच्या बाजूला, जांभ्या दगडाची पायरी होती, एका कडेला बशीसारखी खोल झिजलेली. माझी आई त्याच जागी कोयतीला धार लावायची. लादी बसवणाऱ्यांनी तेवढी पायरी कशी कोण जाणे, सोडून दिली होती. त्या घराच्या गोष्टी सांगून मी निम्म्या ठाण्याला जेरीस आणलं होतं. ते घर माझ्यासमोर आलं आणि मी त्याला सेट म्हटलं.

कमेंट मी त्याच मिनिटाला पुसली. पण तोवर लोकांनी तिचे फोटो काढून ठेवले होते आणि ते, बहुतेक माझ्या नावाशिवायच, इकडून तिकडे फिरत होते.

मग मी दादाला फोन केला आणि आमच्या घराण्याला शोभेल असा आवाज लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यांक म्हायत होता?"

"व्हय."

"मुंबयच्या काकीक?"

"ती दोनदा येवन रवली."

"आणि माकाच नाय?"

"तुका सांगूचा होता गो बाय. पण तू रडतंस. मगे आमकाव रडूक येता, आणि काम रवता. आवशीच्या खोलीत पावसात टोपां लावची लागत, तुका म्हायत आसा? दुरुस्तीक पैशे खंयसून येवचे होते?"

आईची खोली गळायची हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी कोंबड्यांपर्यंत सगळं कळत होतं, आणि हे नव्हतं. दोन वर्षं वहिनी माझ्याशी बोलता बोलता पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत असणार. 'हयसर मी आसंय' म्हणणारी वहिनी. मी म्हटलं, तिला दे फोन. दादा म्हणाला, "ती पाव्हण्यांच्या न्याहरेत आसा." पुढच्या रविवारीही ती न्याहारीतच होती. त्याच्या पुढच्याही. इतकी न्याहारी कोणता पाहुणा खातो?

मला खरं सांगायचं तर तिचा राग आला होता. फसवलं होतं मला त्या लोकांनी, आणि वर फोनला येत नव्हती तीच! यजमान म्हणाले, "तू तिला चारचौघांत नापास केलंस, ती येईल कशाला फोनवर?" कऱ्हाडच्या माणसाने आमच्या भांडणात बरोबर बोलावं याचाही मला राग आला. शेवटी रजा टाकली आणि गेले.

कुडाळ स्टेशनवर दादा गाडी घेऊन आला होता. गाडीच्या काचेवर होमस्टेचं नाव, शेजारी एका माशाचं चित्र. रस्ताभर तो आंब्याबद्दल बोलला. घराशी उतरले. वहिनी दारात उभी होती. केस पिकलेले, पण पाठ तशीच ताठ. हातात ट्रे, ट्रेत कोकम सरबताचा ग्लास, ग्लासात पुदिन्याचं पान.

"या ना. बसा. प्रवास कसा झाला?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती कधी, कधीही, माझ्याशी अशी बोलली नव्हती. हे मराठी ती तहसीलदार कचेरीत बोलायची. पाहुण्यांशी बोलत असणार. आईने मला कधी मारलं नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही, पण मला वाटतं थप्पड अशीच लागत असेल.

"वयनी, काय गो ह्या?" मी म्हटलं.

"सरबत घ्या. गरमी फार आहे." आणि आत गेली.

माझ्या खोलीत पाहुण्या होत्या. पुण्याच्या चार मैत्रिणी, एकाच बँकेतल्या, मालिका बघून आलेल्या. दादा ओशाळून म्हणाला, त्यांचं आधीच ठरलं होतं, तुला मधल्या खोलीत चालेल ना? चालेल म्हटलं. पाहुणीने काय म्हणायचं असतं!

दुपारी सगळ्यांची पानं एकत्र मांडली. वहिनी वाढत होती, उजव्या हाताने नव्हे, डाव्या. त्या चौघी एकमेकींना वकीलबाई, सर्जनबाई म्हणून हाका मारत होत्या आणि बोलत होत्या त्या काचेबद्दल, रडण्याच्या प्रसंगाबद्दल. मग एकीने वहिनीकडे बघून टाळी वाजवली. "अय्या, काकू, त्या उलट्या बसणाऱ्या तुम्हीच ना? आम्हाला बसून दाखवाल? फोटो काढायचाय!" दुसरीने फोन काढला. "थांबा, ती कमेंट वाचते. काय लिहिलंय हो कोणीतरी, हसून हसून पुरेवाट!"

आणि तिने वाचली. सगळी. आवाज लावून. 'सरळ बस गो' म्हणताना तिने आमच्या बोलीचा हेल काढायचा प्रयत्नही केला. तिघी हसल्या. मी सोलकढीच्या वाटीत तोंड घातलं.

"कोण असेल हो ही कोकणकन्या?" तिने वहिनीला विचारलं. "तुमच्या इथलीच असणार. नाही?"

वहिनी दुसरीच्या पानात भात वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली. "इथलीच आहे. पण ती लवकर गेली इथून."

दादा उठून हात धुवायला गेला, अर्धं जेवण पानात टाकून.

पाहुण्या किल्ला बघायला गेल्या. मी स्वयंपाकघरात गेले. तेवढं एक स्वयंपाकघर तसंच होतं, पाहुण्यांना तिथे काम नसतं म्हणून. वहिनी संध्याकाळच्या सुरमया घेऊन मागच्या दारी चालली होती. मी म्हटलं, माका सांगूक नाय. दोन वर्षां. तुम्ही माझी खोली दिलीत.

तिने टोपली खाली ठेवली.

"तुझ्या गजालीतला घर गळणा नाय, बाय," ती म्हणाली. "ह्या गळता." हात पदराला पुसत म्हणाली, "खोली आवशीन दिल्यान ती तुका. माका कोणी काय दिल्यान? माका ह्यो एक आडाळो गावलो. तोय तिच्या पायान बसूचो. ती गेली, मगे मी माझ्या पायान बसलंय. वाटला, आता कोण सांगूचा नाय, सरळ बस. आणि सांगितल्यान कोणी? तू. तू, गो बाय, हळद लावलंस ती."

तिचा अंगठा मी पाहिला. तिथे अजून पांढरी रेघ होती.

मला बोलायचं होतं की मी ओळखलं नाही तुला. पण त्याहून वाईट वाक्य कुठलं असणार? तीस वर्षं जिच्याशी दर रविवारी बोलते ती पाठमोरी मला ओळखू आली नाही. तिने मला घर बदललेलं सांगितलं नाही आणि मी तिला बदललेली बघितली नाही. भांडायला मी आले होते, आणि भांडणात उभं राहायला जागाच शिल्लक नव्हती. म्हणून मी मूर्खासारखं म्हटलं, "दी माका. मी कापतंय."

ती बाजूला झाली. आता आडाळ्यावर शेवटची कधी बसले होते मी? ठाण्यात ओट्याशी उभी राहून सुरीने कापते, तेही मासेवाली साफ करून देते तेव्हा. कोकणातली बाई कशी बसते यावर जगाला शिकवणारी मी पायरीला धरून खाली वाकले. उजवा पाय फळीवर टाकायचा, तर उजवा गुडघा मुडपेचना. त्यात डॉक्टरांनी काय घातलंय ते त्यांनाच ठाऊक. मी तिरकी झाले, कण्हले, एक हात पायरीच्या त्या झिजलेल्या खळग्यात रुतवला. शेवटी उजवा पाय सरळ पसरला आणि डावा दुमडून फळीवर टाकला. दुसरा इलाजच नव्हता. सुरमई हातातून निसटून टोपलीबाहेर गेली.

वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी होती. मग तिचं तोंड हललं. तिने आवाज काढला तो हुबेहूब आईचा.

"सरळ बस गो! उलटी काय बसलंस ती?"

आधी हसली ती. मग मी. मग दादा कोणाला काय झालं म्हणून धावत आला आणि आम्हा दोघींना बघून तसाच परत गेला. हसताना वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. माझंही नव्हतं.

"उठ आता," ती म्हणाली. "तुझ्या हातची सुरमई पाव्हणे खायत तर परत येवचे नाय." मला उठवायला मात्र तिला दादाला हाक मारावी लागली.

तुमच्यातल्या गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे सगळं सांगतेय ते मिटलं म्हणून नाही. मिटलेलं नाही. दादाने माझ्यापासून लपवून ठेवलं हे अजून खुपतं, रविवारी फोनवर तो आंब्याबद्दल बोलू लागला की मी विचारते, "आणि काय लपवलंस?" वहिनीही सोडत नाही. भाजीला मीठ कमी पडलं असं मी म्हटलं की ती म्हणते, "लिव मगे खंयतरी." पण मालवणीत म्हणते. त्या मुक्कामात निघेपर्यंत तिने पुन्हा एकदाही 'या, बसा' म्हटलं नाही.

खोली राहिली नाही माझी. खिडकीच्या जागी काच आहे, आणि काचेमागे कोणीतरी पुण्याचं झोपलेलं असतं. ठाण्यात मी त्या घराच्या गोष्टी आता सांगत नाही, लंचमध्ये मैत्रिणी विचारतात तरी. कोणी विचारलं घर कुठे, तर अजून मालवणच येतं तोंडात, पण त्या वेळी डोळ्यांसमोर खिडकी येत नाही. मागचं दार येतं. झिजलेल्या पायरीशी एक आडाळो आहे, आणि त्याच्यासमोर दोघी उलट्या बसू शकतील एवढी जागा.